पाच मिनिटांची साक्ष

“ती पोर गेली का हो, बाई?” शिपाईमामांनी विचारलं, तेव्हा कुठे थोरलीने पुस्तकातून मान वर काढली. पहिल्यांदा तिला दिसलं ते ऊन. ती वाचायला बसली तेव्हा ते टेबलाच्या पायापाशी पडलं होतं. आता समोरच्या भिंतीवर चढून कपाटाच्या कुलपापर्यंत पोचलं होतं. चहा कपात तसाच होता, वर साय धरलेली. “कुठली पोर?” तिने विचारलं. “अहो, ही काय, इथे टेबलाची कड धरून उभी होती. एवढीशी.” मामांनी हात कमरेच्या खाली नेऊन उंची दाखवली. “मी तिकडे मासिकं लावत होतो. तुम्ही तिला म्हणालात की, थांब, एवढं पान होऊ दे. म्हटलं, असेल कुणी ओळखीतली.” थोरलीला आपण काही बोलल्याचं आठवत नव्हतं. कुणी जवळ येऊन उभं राहिल्याचंही आठवत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या या दालनात बारा वर्षांखालच्या मुलांना सोडतच नसत. त्यांचा विभाग तळमजल्यावर, आणि जिन्याच्या तोंडाशी नोंदवही घेऊन पहारेकरी बसलेला. “मामा, आता तो मोतीबिंदू काढूनच घ्या,” ती हसून म्हणाली. मामांनी खांदे उडवले आणि चहाचा कप उचलून नेला. ते गेल्यावर तिने टेबलाच्या कडेवरून तळवा फिरवला. कड ओलसर लागली. मामांनीच मघाशी फडकं मारलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

घरी तिला थोरली म्हणत. धाकटी जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली तरी थोरलीच म्हणत. म्हणजे आता तसं म्हणायला एकटी आईच उरली होती. ग्रंथालयात ती ‘बाई’ होती, आणि पाठीमागे मुलं तिला चाळणीबाई म्हणत हेही तिच्या कानावर आलं होतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी कथा-कादंबऱ्या आणि इतिहासाची पुस्तकं निवडायची, म्हणजे चाळायचंच काम. दर महिन्याला पन्नास-साठ पुस्तकं खोक्यांतून येत. त्यांतली पंधरा-वीस शेल्फवर जात, काही प्रकाशकांकडे रवाना होत, आणि उरलेली भिंतीशी असलेल्या लाकडी कपाटात पडून राहत. त्या कपाटावर तिनेच बावीस वर्षांपूर्वी ‘परत’ अशी चिठ्ठी डकवली होती. चाळणीतून काय खाली पडतं आणि काय वर उरतं, याचा नियम मात्र तिने कुणालाच सांगितला नव्हता. सांगितला असता तर तिला घरीच बसवलं असतं.

नियम असा होता. तिच्या खणात स्वयंपाकघरातलं घंटीचं घड्याळ असे. कुठलंही पुस्तक उघडलं की ती ते वीस मिनिटांवर लावायची आणि वाचू लागायची. घंटा वाजली आणि वाजल्याबरोबर ऐकू आली, तर पुस्तक पास. ऐकू यायला जरा वेळ लागला, किंवा आलीच नाही आणि समोरच्या टेबलावरचं कुणी तरी “बाई, तुमचं घड्याळ” असं म्हणालं, तर पुस्तक परत. मग पारखपत्रावर ती काही तरी रीतसर कारण लिहायची: भाषा वयाला जड, छपाई बारीक, शेवट उदास. पुस्तक वाईट असतं म्हणून नव्हे, तर फार चांगलं असतं म्हणून ती ते मुलांपासून लांब ठेवायची. ज्यातून मान वर काढता येते तेवढंच पुस्तक मुलांच्या हाती द्यायचं, ही तिची आण होती. इतिहासाच्या पुस्तकांचा तिला कधी त्रास झाला नव्हता. सनावळ्या, नकाशे, चौकटीतली ठळक माहिती; घंटा कशी खणखणीत ऐकू यायची. कथांच्या बाबतीत मात्र तिला डोळ्यांत तेल घालून बसावं लागे. परिणाम व्हायचा तोच झाला. कुमार विभागाच्या शेल्फवर शहाणी, नीटनेटकी, मिळमिळीत पुस्तकं उभी होती, मुलं पंख्याखाली गृहपाठ करायला येऊन बसत, आणि या दालनाची सरळ अभ्यासिका करून टाकावी असा विषय समितीच्या पुढच्या सभेत येणार होता.

आणि आज जे पुस्तक वाचताना ऊन भिंतीवर चढलं ते इतिहासाचंच होतं. ‘नळाच्या मागे’ असं त्याचं नाव. एका निवृत्त अभियंत्याने मुलांसाठी लिहिलेला शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास. पाणीपुरवठ्याचा! तिने ते हातात घेतलं तेव्हा तिला हसू आलं होतं, आणि मुखपृष्ठावरचं चित्र पाहून ते हसू मावळलंही होतं. पंपघर होतं ते. त्याच्या सात दगडी पायऱ्या, पलीकडे निवळण टाकीचा लांबलचक कठडा, आणि उजवीकडे कामगारांच्या घरांची रांग. त्या रांगेतलं तिसरं दार तिच्या घराचं. वडील पंपचालक होते. घरात बसलं तरी पंपाची घरघर जमिनीतून तळपायांत चढायची, आणि पंप बंद झाला की सगळे दचकून एकमेकांकडे पाहायचे. पुस्तक बाजूला सारायचं, ‘विषय रुक्ष’ असं लिहून मोकळं व्हायचं, हे तिच्या हातात होतं. तिने घड्याळ लावलं आणि पुस्तक उघडलं. आता तिने खण ओढून पाहिलं तर घड्याळाचा काटा शून्यावर निमूट टेकलेला होता. कधी तरी ते वाजून गेलं होतं.

त्या दिवशी ती पायऱ्यांवर बसली होती. तिसऱ्या पायरीवर, सावली तिथवरच येई. चौदा वर्षांची होती, आणि शाळेच्या ग्रंथालयातून आणलेलं हिरव्या कापडी बांधणीचं पुस्तक मांडीवर होतं. एका दीपगृहात एकटीच राहणाऱ्या मुलीची गोष्ट. आईने सांगितलं होतं, धाकटीकडे लक्ष ठेव. धाकटी सहा वर्षांची, पिवळा फ्रॉक, एका पायाला पट्टी बांधलेली, तोंडाची टकळी चालूच. “ताई, बघ ना. ताई, हे बघ ना.” दीपगृहात वादळ सुरू झालं होतं. नंतर वडील कामावरून सुटून पायऱ्यांपाशी आले आणि म्हणाले, “धाकटी कुठे आहे?” तिने वर पाहिलं. धाकटी नव्हती. “आत्ता इथेच होती, बाबा. पाच मिनिटं झाली असतील.” हे एक वाक्य. पाच मिनिटं. तिला खरंच तसं वाटलं होतं, निदान त्या क्षणी. मग धावाधाव, हाका, शेजारच्या बायका, झुडपं, गाडीखाना, न्हाणीघरं, आणि शेवटी पंपाची घरघर थांबली. पंप थांबल्यावर जी शांतता झाली ती तिच्या डोक्यातून पुन्हा कधी पुरती गेली नाही. पुढे महिनाभर जो तो येऊन आईला म्हणे, पोरगी काय करणार, पाचच तर मिनिटं नजर हलली, कुणाचीही हलेल. आईसुद्धा तेच म्हणू लागली. वडील वारले तेही तेच म्हणत. पाच मिनिटांचा दोष कुणी कुणाला देत नाही. त्या पाच मिनिटांवर पुढे मायलेकींचं सगळं घर उभं राहिलं, त्यात दोघी जेवल्या, झोपल्या, आजारपणं काढली, म्हाताऱ्या होत आल्या, आणि पाचाची सहा मिनिटं करायचं थोरलीला कधी धाडस झालं नाही.

पुस्तकाचं चौथं प्रकरण होतं ‘दोन साक्षी’. अभियंत्याने त्यात पंपघराची जुनी नोंदवही जशीच्या तशी छापली होती. तीन वाजून दहा मिनिटं: टाकी भरणे सुरू. चार वाजून चाळीस मिनिटं: पंप बंद, कारण अपघात. त्याखाली चौकशीतल्या दोन जबान्या. चौकीदार म्हणाला होता की सव्वातीनच्या सुमारास पिवळ्या फ्रॉकातली लहान मुलगी त्याला टाकीच्या पलीकडच्या टोकाला, कठड्याशी दिसली. त्याने दटावल्यावर ती पायऱ्यांकडे पळत गेली. पुढे साडेतीनला त्याची पाळी संपली. मृत मुलीच्या मोठ्या बहिणीने चार वाजता सांगितलं होतं की ती पाच मिनिटांपूर्वीपर्यंत माझ्याजवळच होती. बहिणीचं सगळ्यांनी खरं मानलं. पाच मिनिटांत सहा वर्षांचं मूल जाऊन जाऊन कुठे जाईल, म्हणून शोध पायऱ्यांच्या आणि घरांच्या आसपासच घेतला गेला. टाकीच्या पलीकडच्या टोकाला, जिथे ती शेवटी पाण्यात सापडली, चाळीस मिनिटं कुणी गेलंच नाही. चौकीदार स्वतःची कातडी वाचवायला खोटं बोलतो आहे असं ठरलं आणि त्याला कामावरून काढून टाकलं. एवढंच. अभियंत्याने कुठेही आवाज चढवला नव्हता. खाली एक चौकट होती, मुलांसाठी: ‘दोघांपैकी कोणाचं खरं मानाल? का? जो चुकीचं सांगतो तो खोटंच बोलत असतो का? तुमच्या वहीत लिहा.’

चौकीदाराची जबानी थोरलीने कधीच वाचली नव्हती. तिला घरात कुणी ती सांगितलीही नव्हती. “तो हरामखोर” एवढंच वडील म्हणत, आणि तिने विचारलं नव्हतं. आता ती त्या एका ओळीशी येऊन अडली होती: पायऱ्यांकडे पळत गेली. म्हणजे धाकटी आली होती. दटावणी खाऊन, घाबरून, रडवेली होऊन ती ताईकडेच आली असणार, दुसरीकडे कुठे जाईल? पायरीशी उभी राहिली असणार. हाक मारली असणार. आणि ताईने मान वर न करता काही तरी म्हटलं असणार. काय म्हटलं असेल, हे थोरलीला एकोणचाळीस वर्षांत आठवलं नव्हतं. आज ते तिला शिपाईमामांच्या तोंडून कळलं. थांब, एवढं पान होऊ दे. आपल्या आत कुणी तरी आहे, ते आपल्याला न विचारता उत्तरं देतं, आणि आपण पुस्तकात असलो की दाराशी तेच बसलेलं असतं, असं तिला वाटलं. ती उठली, दालनाच्या टोकापर्यंत गेली, शेल्फांच्या मधल्या वाटांत डोकावली. गृहपाठ करणारी चार मुलं, झोपलेलं एक, बाकी कुणी नाही. जिन्याच्या तोंडाशी तिने पहारेकऱ्याला विचारलं, “लहान मुलगी वर आली होती का हो कुणी? सहा वर्षांची वगैरे?” त्याने वही तिच्यापुढे धरली. सकाळपासून सतरा नावं होती, सगळ्यांत लहान वय तेरा. “मुलगी हरवलीय का बाई?” त्याने विचारलं. “हो,” ती म्हणाली, आणि मग घाईने म्हणाली, “नाही, नाही.” तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

परत आली तेव्हा सहायिका तिच्या टेबलाशी उभी होती. तीन वर्षांपूर्वी लागलेली, चुणचुणीत, बोलायला लागली की थांबायची नाही. “बाई, आधी माफी मागते,” ती म्हणाली, “मग तुम्ही काय रागवायचं ते रागवा. तुम्ही आईंच्या डोळ्यांसाठी दोन दिवस रजेवर होतात ना, तेव्हा हे पाण्याचं पुस्तक मी चुकून पारख मंडळाकडे देऊन टाकलं. तुमची सही व्हायच्या आधीच.” पारख मंडळ म्हणजे दालनात नेमाने येणारी सहा मुलं. बाईंनी पास केलेलं पुस्तक त्यांतल्या तिघांना वाचायला द्यायचं आणि त्यांनी नाव न घालता, नुसतं वय घालून, आपलं मत पारखपत्रावर लिहायचं, अशी पद्धत होती. बाईंच्या आधी पुस्तक त्यांच्या हाती जाणं हे या दालनात बावीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. “वाचलं त्यांनी?” थोरलीने विचारलं. “वाचलं म्हणजे? भांडणं झाली, बाई! एकीचं काल रात्रीत वाचून झालं, ती सकाळी दार उघडायच्या आधी येऊन उभी. पत्रं आत मागच्या पानात घातलीत.” मग ती जरा घुटमळली. “बाई, एक विचारू? ते ‘परत’चं कपाट आहे ना, त्यातली मी बरीच वाचलीत. घरी नेऊन. सगळी चांगली पुस्तकं त्यातच कशी हो असतात?” थोरली म्हणाली, “मग विचारलं का नाहीस आजवर?” “भीती वाटली,” सहायिका म्हणाली. “तुम्ही ते उघडता ना, तेव्हा तुमचा चेहरा असा होतो, की आत कुणी तरी कोंडलेलं आहे.” ती हसली, पण थोरली हसली नाही म्हणून गप्प झाली आणि आपल्या टेबलाकडे गेली.

पत्रं तीन होती. पहिल्यावर वय पंधरा. ‘चौकीदाराचं खरं. त्याने वेळ सांगितली, जागा सांगितली, फ्रॉकचा रंग सांगितला. मुलीने नुसती मिनिटं सांगितली. पण ती त्यांच्यातली होती आणि तो साधा चौकीदार, म्हणून सगळ्यांनी तिचं ऐकलं.’ अक्षर टोकदार, शेवटची रेघ कागदातून आरपार गेलेली. दुसऱ्यावर वय तेरा. ‘मला वाटतं मुलगी खोटं बोलली नाही. मी वाचत असताना आई हाक मारते तेव्हा मलाही ऐकू येत नाही आणि मला वाटतं आत्ताच तर बसलो. पण ही गोष्ट तिला नंतर तरी कळली असेलच ना. मग तिने सांगायला हवं होतं. ते न सांगणं म्हणजे खोटं.’ तिसऱ्यावर वय चौदा, अक्षर गोल, घाईचं. ‘या विभागात मी दोन वर्षं येते पण असं पुस्तक पहिल्यांदाच मिळालं. असली पुस्तकं तुम्ही ठेवत का नाही? चौकटीतल्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. ती मुलगी आता म्हातारी झाली असेल. तिला कुणी विचारलं का?’ थोरलीने हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. चौकशीत तिला प्रश्न विचारला होता, उत्तर लिहून घेतलं होतं, आणि त्यानंतर आजपर्यंत खरोखरच कुणी विचारलं नव्हतं. शेजारच्या बायकांनी तिला जवळ घेतलं, शाळेत बाईंनी पाठीवरून हात फिरवला, सगळ्यांनी तिला इतकं जपलं की तिच्या तोंडातून शब्द बाहेर पडायला फटच राहिली नाही. आणि ही चौदा वर्षांची पोर, ती कोण हे माहीत नसताना, तिला म्हातारी म्हणून सरळ विचारत होती. तिला त्या पोरीचा राग आला आणि लगेच, इतक्या वर्षांत कुणाबद्दल वाटली नव्हती इतकी, माया वाटली.

पुस्तकावर एक शिक्का मारायचा होता. ‘कुमार विभाग’ किंवा ‘परत’. दोन्ही शिक्के एकाच डबीत होते. ‘परत’ मारला असता तर प्रश्नच नव्हता. पुस्तक कपाटात गेलं असतं, कुलूप लागलं असतं, तिघा मुलांनी चार दिवस कुरबुर केली असती. दुसरा मारला तर सोमवारी फलकावर यादी लागणार, आणि त्याआधी पुस्तक आईच्या हातात जाणार. कारण आईची रीत होती. तिच्या डोळ्यांना आता बारीक छपाई झेपत नसे, मुलांच्या पुस्तकांची टपोरी अक्षरं तेवढी भिंगातून दिसत. म्हणून थोरलीने पास केलेलं प्रत्येक पुस्तक शेल्फवर जायच्या आधी एक दिवस घरी जायचं आणि आई ते वाचायची. ब्याऐंशी वर्षांची ही बाई सगळ्या शहरातली सर्वांत नेमाची कुमार वाचक होती. “तुझी पुस्तकं कशी अगदी औषधासारखी,” असं ती कधीकधी म्हणे, “पोटाला बाधत नाहीत.” हे पुस्तक तिने उघडलं की चौथं प्रकरण आलंच. सव्वातीन ते चार, पाऊण तास. आई भिंग धरून बोटाने ओळ पुढे सरकवत जाईल आणि त्या पाऊण तासाशी येऊन थांबेल. मग काय होईल? ब्याऐंशीव्या वर्षी आपली उरलेली एक मुलगीही तिच्यासाठी मरेल. तिने शिक्का उचलला आणि मारला. ‘कुमार विभाग’. शाई जरा जास्त लागली होती, तिने ती फुंकर मारून वाळवली. आपण हे का केलं याचं नेमकं कारण तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या पत्रातलं गोल अक्षर तेवढं डोळ्यांसमोर होतं.

पाच वाजता ती निघाली. रस्त्यावर शाळा सुटलेल्या मुलांचे घोळके होते, फळवाला ओरडत होता, चौकातला सिग्नल बंद पडल्यामुळे गाड्या एकमेकींत अडकून पडल्या होत्या. ती पदपथाच्या आतल्या बाजूने चालत होती आणि एक हात तिने, कुणी तरी धरलेला असावा तसा, किंचित खाली ठेवला होता. हे तिच्या लक्षात आलं ते एका बाईने वाट काढताना तिच्या बाजूला जागा सोडली तेव्हा. दोघींना जाता येईल इतकी जागा. थोरलीने खाली पाहिलं नाही. पाहिलं तर तिथे कुणी नसेल याची तिला भीती वाटली, आणि असेल याची तर त्याहून अधिक. आयुष्यभर ती मान वर काढायला शिकत आली होती. आज मान खाली घालायचा तिला धीर होत नव्हता. लिफ्टमध्ये तिने चौथ्या मजल्याचं बटण दाबलं आणि दार लगेच लावलं नाही. मग लावलं.

आई खिडकीशी बसली होती, मांडीवर भिंग. “आज काय आणलंस?” तिने विचारलं. “इतिहास आहे,” थोरली म्हणाली. “पाण्याचा.” आईने हात पुढे केला. थोरलीने पुस्तक दिलं नाही. ती समोर खुर्ची ओढून बसली, चप्पलसुद्धा न काढता, आणि म्हणाली, “मी वाचून दाखवते. मधलंच एक प्रकरण.” “बरं,” आई म्हणाली. थोरलीने वाचायला सुरुवात केली. नोंदवही वाचली, चौकीदाराची जबानी वाचली, बहिणीची वाचली, शोध कुठे घेतला ते वाचलं. तिचा आवाज कापत नव्हता, याचंच तिला नवल वाटत होतं. चौकटीतले प्रश्न वाचून झाले तेव्हा तिने पुस्तक मिटलं. आईचे डोळे खिडकीबाहेर होते. “आई, ती पाच मिनिटं नव्हती,” थोरली म्हणाली. “किती होती ते मला माहीत नाही. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती परत आली होती माझ्याकडे, आणि मी तिला थांब म्हटलं. मला तेव्हाच थोडं थोडं कळलं होतं. पुस्तक संपत आलं होतं ना माझं, सकाळी तर मी नुकतं सुरू केलं होतं. पाच मिनिटांत कुणाचं पुस्तक संपतं? पण तुम्ही सगळे पाच मिनिटं पाच मिनिटं म्हणत होतात, आणि मी ते म्हणू दिलं. तो चौकीदार खरं बोलत होता, आई.”

आईने भिंग मांडीवरून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. खालून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता. “त्याची बायको आली होती आपल्या दारात,” ती म्हणाली. “कडेवर मूल होतं. म्हणाली, बाई, तुम्ही तरी खरं काय ते सांगा. मी दार लावून घेतलं.” थोरलीला कळेना. “तू काय सांगणार होतीस? तुला कुठे काय माहीत होतं?” आई तिच्याकडे वळली. म्हाताऱ्या डोळ्यांना पाणी सुटतंच, तेवढंच होतं. चेहरा कोरडा होता. “या पुस्तकवाल्याला कळव,” ती म्हणाली. “म्हणावं, साक्षी दोन नाहीत. तीन आहेत.” “तिसरी कोण?” “मी,” आई म्हणाली. “मी आले होते तिथे. पावणेचारला. निघताना घड्याळ पाहिलेलं पक्कं आठवतंय मला.”

“पायऱ्यांवर?”

“पायऱ्यांवर. तू तिसऱ्या पायरीवर होतीस. मी विचारलं, धाकटी कुठे गं? तू वर पाहिलं नाहीस. म्हणालीस, आहे की इथेच. मी इकडे तिकडे बघितलं, ती काही दिसली नाही.”

“मग तू मला हलवलं का नाहीस?” थोरली ओरडलीच. “आई, मला धरून हलवायचंस ना!”

“हलवणारच होते,” आई म्हणाली. “हात पुढे केला होता. तुझ्या तोंडावर केस आले होते आणि वाचताना तुझे ओठ हलत होते. इतकी सुखात होतीस गं तू. त्या घरात कुणाला तेवढं सुखात मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, वाचू दे पोरीला. आणि हात मागे घेतला.”